एक फूल मागं

काठीचा आकडा भिंतीवरून आत आला तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती. मी धुण्याच्या दगडामागे पाऊण तास बसून होते. अंगावर आत्याची शाल, हातात वही. आकडा सरावाचा होता. त्याने रस्त्याकडची फांदी हलकेच ओढून घेतली, भिंतीपलीकडून एक हात वर आला आणि एक फूल गेलं. मग दुसरं.

"थांबा!" मी ओरडले आणि फाटकाकडे धावले.

पलीकडे एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे होते. खाकी स्वेटर, डोक्याला मफलर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जास्वंद, तगर, कण्हेर, आणि सगळ्यांच्या वर माझ्या झुडपाची दोन केशरी फुलं. कपाळावर पिवळं बोट ओढलेलं. चोरी करायची ती वर देवाचं गंध लावून, असं मला वाटलं आणि राग दुप्पट झाला.

"लवकर उठलासा बाई," ते म्हणाले.

"तुम्ही काय तोडताय माहीत आहे का तुम्हाला?"

"फुलं."

"ही सोनघंटा आहे! सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर सोडली तर जगात कुठे उगवत नाही. आणि तुम्ही ती रोज नेता?"

"रोज. रवळनाथाला." त्यांना माझ्या आवाजाचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. "पर झाड मोकळं करत न्हाई मी. कुठल्याबी झाडावर एक फूल मागं ठेवतोच. आन् तुमच्या दोरेवाल्या फुलांना हातसुदीक लावलेला न्हाई. मोजून बघा."

"मग माझी चौसष्ट फुलं गळाली ती कशाने? तुमच्या काठीच्या हिसक्यांनीच ना?"

"हिसका?" त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "चौतीस वर्सं टपाल वाटलं या आजऱ्यात. कुणाचं पाकीट दुमडलं न्हाई कवा."

"उद्यापासून इथे यायचं नाही. आलात तर मी पोलिसांत जाईन."

समोरून चाललेल्या दूधवाल्याने सायकल हळू केली. गृहस्थांनी पिशवीतून माझी दोन्ही केशरी फुलं काढली, भिंतीवर शेजारी शेजारी ठेवली आणि काठी खांद्याला लावून निघून गेले.

आत्या दारात उभी होती. "कुणाला झापलंस एवढं?"

"फूलचोराला."

"पोस्टमनतात्यांना?" तिने कपाळावर हात मारला. "अगं, हाळवणकर तात्या ते! गावात त्यांना कुणी अरेतुरे करत नाही, आणि तू पोलीस काढलेस."

"आत्या, ते झाड मरतंय."

ते तिलाही दिसत होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मी कोल्हापूरच्या बागवान मॅडमच्या हाताखाली एका प्रकल्पावर काम करत होते. आंबोलीच्या बाजूला एका कड्यावर सोनघंटेचं एकच झुडूप आम्हाला सापडलं होतं. वनखात्याची रीतसर परवानगी काढून मी त्याच्या तीन फांद्या आणल्या आणि शालनआत्याच्या परसात लावल्या. तिन्ही जगल्या. पुढच्या पावसाळ्यात कड्याची दरड कोसळली आणि मूळ झुडूप खाली दरीत गेलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या तीनपैकी दोन झाडांना खोडकिड्याने पोखरलं. उरलेल्या तिसऱ्याच्या बुंध्यापाशीही त्या हिवाळ्यात भुसा दिसायला लागला होता. नवीन फांद्या लावून पाहिल्या, पण पोखरलेल्या झाडाच्या फांद्या मूळ धरत नव्हत्या. पुढचा पावसाळा ते काढणार नाही, हे मला आणि मॅडमना दोघींना कळत होतं. त्याच्याआधी बी हवं होतं. एक मूठभर बी.

फुलं मात्र भरभरून येत होती. जास्वंदीच्याच कुळातलं झाड हे. हातभर लांब फांद्यांना खाली तोंड करून लोंबणाऱ्या केशरी घंटा, आत लाल रेषा, मधून बाहेर आलेला परागकणांचा दांडा. मी बारीक ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायची आणि त्या देठाला लाल दोरा बांधायची. काही फुलं पक्ष्यांवर सोपवली होती. शिंजीर यायचे, चोच घालायचे. त्यांना पांढरा दोरा. दोरे आत्याच्या शिवणयंत्राच्या डब्यातले. ती म्हणायची, "लाल दोरे, पांढरे दोरे... एखादी घंटा बांध आता, देऊळच झालं."

लाल दोऱ्याची चाळीस फुलं, पांढऱ्याची चोवीस. पाचव्या-सहाव्या दिवशी देठ पिवळा पडायचा आणि फूल दोऱ्यासकट खाली. फळ शून्य. वहीत मी रोज तो शून्य लिहीत होते.

तात्यांना हाकलल्यावर मी त्याच दिवशी बाजारातून हिरवी जाळी आणली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर माणूसभर उंच बांधली. रस्त्याकडची फांदी मी प्रयोगात धरलीच नव्हती. तिची फुलं चोरीला जातात, मग मोजून काय करायचं? आता तीही धरली. आता हिसका नाही, चोरी नाही. आता फळ धरायला हरकत नाही, असं मी मॅडमना फोनवर ठासून सांगितलं.

सोळा दिवस गेले. शून्य.

सतराव्या दिवशी वाऱ्याने जाळीचा एक कोपरा सुटला. तो बांधायला मी स्टुलावर चढले आणि पहिल्यांदाच रस्त्याकडची फांदी बुडापासून पाहिली. पानांच्या आड तीन फळं होती.

मी स्टुलावरच बसले. हिरवी, लवदार, करवंदाएवढी झालेली तीन फळं. त्यांच्या देठांना दोरा नव्हता.

या झाडाची फांदी म्हणजे एक रोजनिशीच असते. फुलं बुडाकडून शेंड्याकडे क्रमाने उमलतात, त्यामुळे कुठलं फूल कधीचं ते जागेवरून सांगता येतं. मी वही काढून मागे मागे मोजत गेले. तिन्ही फळं जाळी बांधण्याच्या आधीच्या फुलांची होती. जाळीनंतर उमललेली नऊच्या नऊ गळून गेली होती. मी सुरक्षित केल्यापासून फांदीने फळ धरणं थांबवलं होतं.

मॅडमना फोन लावला.

"रेवती, या झाडाला स्वतःचे पराग चालत नसणार," त्या म्हणाल्या. "तुझी तिन्ही झाडं एकाच झाडाच्या फांद्या. म्हणजे ते एकच झाड. लाल दोऱ्यांना फळ का नाही, ते कळलं."

"पण मग ही तीन कुठून आली?"

"दुसऱ्या झाडाच्या परागांमुळे."

"दुसरं झाड नाहीये मॅडम. पन्नास किलोमीटरमध्ये नाही. मी सर्व्हे केलाय."

"तुझा सर्व्हे नाही म्हणतोय. फळ आहे म्हणतंय. मी फळावर विश्वास ठेवीन."

"पक्ष्यांनी आणले म्हणाल, तर पांढऱ्या दोऱ्यांवर पण पक्षी येतातच. तिथे शून्य."

"मग त्या एका फांदीवर वेगळं कोण येत होतं, ते शोध. कळ्या किती राहिल्यात?"

मी मोजल्या. "सात."

"मग लवकर शोध," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वेगळं कोण येत होतं, हे शोधायला लागणार नव्हतं. ते मी पोलिसांचं नाव घेऊन हाकललं होतं. पण एक माणूस काठीने फांदी ओढतो आणि फुलं घेऊन जातो. तो फुलं नेतो, देत नाही. नेलेल्या फुलाला फळ कसं लागेल?

दुपारी आत्या ब्लाऊजला काजं करत होती. मी समोर वही घेऊन बसले होते.

"आत्या, तात्या सकाळी घरून गंध लावून निघतात का गं?"

"छे. देवाला फूल वाहिल्याशिवाय कपाळाला काही लावायचं नाही, असा नेम आहे त्यांचा. चहासुद्धा घेत नाहीत."

"नक्की?"

"तीस वर्षं बघतेय. घरून कोऱ्या कपाळाने निघतात आणि देवळातून गंध लावून येतात." सुई थांबली. "का?"

कारण मी त्यांना पकडलं तेव्हा ते देवळाकडे चालले होते, येत नव्हते. फुलं पिशवीतच होती. ते पिवळं बोट मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावरून माणसाबद्दल मतही बनवलं होतं, आणि ते तिथे असू शकत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी चपला घातल्या.

"निदान वडी तरी ने," आत्या मागून ओरडली. "मोकळ्या हाताने माफी मागायला चाललीय!"

तात्या ओट्यावर पेपर वाचत होते. मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कपाळावर देवळातल्या गंधाचा पुसट ठिपका उरला होता.

"या बाईसाहेब. हवालदार मागनं येत्यात का?"

"तात्या, मी चुकले. माफी मागायला आलेय."

"आन् डब्यात काय?"

"आत्याने नारळाची वडी दिलीय."

"शालनची वडी व्हय? मग निम्मी माफी." त्यांनी डबा उघडून एक वडी तोंडात टाकली. "उरलेली निम्मी कशापायी अडली, ते सांगा. नुसत्या माफीला कोण दुपारी उन्हाचं येत न्हाई."

मी सरळ विचारलं. "आमच्या घरी येण्याआधी तुम्ही असंच झाड आणखी कुठे बघता का? असंच, घंटेसारखं फूल?"

"हाय की."

"कुठे?"

तात्यांनी दुसरी वडी घेतली. सावकाश खाल्ली. "त्या दिवशी तुम्ही म्हनला, जगात कुठं न्हाई. मला सांगायचं हुतं तवाच. पर तुम्ही बोलू दिलं न्हाई."

"आता सांगा ना."

"असं सांगून न्हाई भागायचं. पत्ता चालत जायचा असतो. उद्या साडेपाचला चावडीपाशी या. काठी तुम्ही धरायची."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी तिथे होते. तात्या पोस्टात असताना त्यांच्याकडे जो भाग होता, जी गल्ल्यांची वाट होती, तीच त्यांनी निवृत्त झाल्यावर फुलांसाठी ठेवली होती. तोच क्रम, तीच घरं. एकूण बावीस. मी काठी धरून फांदी वाकवायची, त्यांनी फूल घ्यायचं. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन फुलं, जास्त नाही.

"पानसे गुरुजी. पांढरी जास्वंद. ह्यांच्याकडं रजिस्टर लई यायचं," ते सांगत होते. "ही कण्हेर मुल्लांची. म्हातारी स्वतः फांदी वाकवून द्यायची मला, देवाला ने म्हनायची."

एकविसावं घर पिठाच्या गिरणीमागे होतं. रस्त्यावरून दिसत नव्हतं. बोळातून आत गेलो, न्हाणीच्या सांडपाण्याचा छोटा पाट ओलांडला, आणि मी काठी हातातून सोडली.

दोन पुरुष उंच झुडूप. शंभर घंटा तरी असतील. एका फांदीला शेळी बांधलेली, दुसरीवर परकर वाळत घातलेला.

"हौसाक्का!" तात्यांनी हाक दिली. "शालनची भाची आलीय झाड बघाय."

आतून एक म्हातारी बाई चुलीची फुंकणी घेऊनच बाहेर आली. "ह्ये बघाय आलीस? रानभेंडी हाय ती. आमचं मालक घाटात रस्त्याच्या कामाला हुतं. तिथनं काठी तोडून आनली, दोरी बांधाय रवली, तर मेली फुटली. बारा-पंधरा वर्सं झाली." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "अगं, ही रडाली का?"

"रडत नाही," मी म्हणाले. "मोजतेय."

"असंल. शिकलेली हाय," तात्या तिला म्हणाले.

मग त्यांनी दोन फुलं घेतली आणि पिशवीत तळाशी, इतर फुलांखाली सारली. ज्या बोटांनी फुलं खुडली तीच बोटं त्यांनी तिसऱ्या, फांदीवर राहिलेल्या फुलाला लावली. घंटेच्या तोंडाशी, खालून, थोरल्या माणसाच्या पायाला हात लावावा तशी. आणि मग ती बोटं स्वतःच्या कपाळाला.

इतर घरांतही त्यांनी हेच केलं असणार. मी काठीच्या टोकाकडे बघत होते, त्यांच्या हाताकडे नाही.

"तात्या, हात दाखवा."

"भविष्य बघता काय?"

मी खिशातलं भिंग काढून त्यांचं बोट उजेडाकडे धरलं. बोटाच्या रेषांमध्ये पिवळे गोल कण बसलेले होते, प्रत्येकाला काटे, एकमेकांना चिकटलेले. कपाळावरही तेच.

"हे का करता?"

"काय?"

"मागे ठेवलेल्या फुलाला हात का लावता?"

"मग? त्याच्या जोडीची दोन नेली आपण. त्याला सांगाय नको?" त्यांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "माझी आई लावायची. न विचारता घेतलेलं देवाला चालत न्हाई."

"आणि आमच्याकडे दोरे बांधलेल्या फुलांना?"

"त्यास्नी कसा लावीन? नवसाचं दोरं ती. कुनीतरी काय मागितलंय देवाकडं, त्यात आपला हात नगो."

मी हसले नाही. काहीतरी मागितलं होतंच मी, आणि दोरा बांधून तेवढी चौसष्ट फुलं त्याच्यापासून राखून ठेवली होती.

"इथून पुढचं घर कुठलं तात्या?"

"बाविसावं. तुमची आत्या. मग देऊळ."

मी घरी पळतच आले. जाळी सोडवायला वेळ नव्हता, कात्रीने कापली. लाल-पांढरे दोरे सगळे काढून टाकले. तात्या मागून सावकाश पोहोचले तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि आत्या दारात हसत उभी होती.

"या भावजी. आज पोलीस नाहीत."

कळ्या सात होत्या. एकेक करून उमलतील तशी मी चार फुलांना हौसाक्काच्या झाडाचे पराग ब्रशने लावायचे ठरवले आणि तीन तात्यांसाठी ठेवली. मला तुलना हवी होती. तात्यांना ती कळली तेव्हा ते खूश झाले.

"म्हंजे माझी परीक्षाच की."

"तुमची नाही, ब्रशची."

पहिल्या दिवशी फूल तोडायला त्यांनी नकार दिला. "सातच हायत. ह्या सालाला देवाला जास्वंद चालंल. मी नुसता हात लावून जातो." आणि मग तेवढ्यासाठी, थंडीत, बावीस घरं फिरून ते रोज यायचे. हौसाक्काकडून निघाल्यावर वाटेत दुसरं काही तोडायचं नाही, बोटं पुसायची नाहीत, एवढंच मी सांगितलं होतं. एकदा कुणी वाटेत तंबाखू पुढे केली तर उजवा हात तसाच वर धरून त्यांनी डाव्या हाताने नको म्हटलं. हे त्यांनी मला स्वतः अभिमानाने सांगितलं.

ब्रशच्या चारांपैकी दोनांना फळ धरलं. तात्यांच्या तिन्हींना.

"नमुना फार लहान आहे," मी म्हणाले. "यावरून काही सिद्ध होत नाही."

"नका करू सिद्ध. तिन्ही आली, एवढं लिवून ठेवा."

मी लिहिलं. आधीची तीन धरून आठ फळं झाली. मार्चमध्ये ती वाळून तडकली. काळपट, कठीण कवचाचं बी, मूठभर नाही, पण तळहाताएवढ्या कागदावर पसरण्याइतकं. कवच कानशीवर हलकेच घासून पेरलं, एकोणतीस रोपं आली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जुनं झाड एका दुपारी वाऱ्याने बुंध्यातून मोडलं. आत सगळा भुसा होता. आत्याने हळदकुंकू वाहिलं. मी वहीत तारीख लिहिली आणि पान उलटलं.

रोपं कुठे लावायची यावर मॅडमशी माझा वाद झाला. काही त्यांच्या बागेला, काही वनखात्याबरोबर परत कड्यावर, हे दोघींना मान्य होतं. पण बारा रोपं मी मागून घेतली.

"घराघरांतून? लोक पाणी घालतील का?"

"घरं तात्या निवडणार आहेत."

त्यांनी दोन दिवस लावून यादी केली. कुणाच्या परसात ऊन येतं, कुणाची शेळी मोकळी असते, कोण पाणी घालायला विसरतं. "पानसे गुरुजींला नको. पत्राचं उत्तर दीत न्हाईत ते, झाडाला काय देणार." प्रत्येक रोपाच्या पिशवीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नाव, गल्ली, घर क्रमांक लिहिला, आणि माझ्या हातात ट्रे देऊन पुढे चालू लागले. बाराही पत्ते त्यांच्या वाटेवरचे होते.

अहवालात "परागवहन कशाने" असा एक रकाना होता. मी लिहिलं: मारुती हाळवणकर, निवृत्त पोस्टमन. मॅडमनी पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह केलं, मग खोडरबराने स्वतःच पुसलं.

बारापैकी नऊ झाडं आज फुलतात. त्यांच्या खाली आपोआप उगवलेली रोपं मी मोजणं सोडून दिलंय. तात्या आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे ओट्यावरच असतात. सकाळी इतर माणसं येतात फुलांना, अनोळखीही. आत्याच्या फाटकाला मी एक पाटी लावली आहे, तात्यांच्या हातची: फुलं न्या. एक मागं ठेवा. त्याला हात लावून जा.

बऱ्याच जणांना ती देवाधर्माची पाटी वाटते. मी दुरुस्त करत नाही.

परवा सुट्टीत गेले होते. सकाळी सातला फाटकासमोरून एक बाई चालल्या होत्या, मी कधी न पाहिलेल्या. हातात परडी, परडीत तगर आणि एक केशरी घंटा, कपाळावर पिवळं बोट.

देवळाकडे चालल्या होत्या.